चेहऱ्याची ठेव : व्यक्तिचित्राच्या वितरणातील एक नैतिक प्रश्न

व्यक्तिचित्राचा विचार आपल्या समीक्षेत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग सादृश्याचे : चित्र मूळ व्यक्तीशी कितपत जुळते. दुसरे आविष्काराचे : चित्रातून चित्रकाराची दृष्टी आणि शैली कितपत प्रकट होते. या दोन्ही विचारांत जिचा चेहरा चित्रात आलेला असतो ती व्यक्ती गृहीत धरली जाते, आणि एकदा गृहीत धरली गेली की चर्चेतून निघून जाते. चित्र एका घराच्या एका भिंतीवर राहत होते तोवर हे चालून गेले. आज टॅबवर किंवा साध्या मोबाइलवर काढलेले व्यक्तिचित्र पूर्ण झाले त्याच घटकेला शेकडो लोकांसमोर जाऊ शकते, आणि बहुधा जातेच. अशा वेळी चित्रकार नेमके काय वाटत असतो? स्वतःचे चित्र, की दुसऱ्याचा चेहरा? हा प्रश्न कलाशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राच्या कक्षेत अधिक येतो. साहित्याच्या अभ्यासकालाही तो परका नाही. कारण ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण चित्रकलेकडून उसना घेऊन एका वाङ्मयप्रकाराला दिला आहे, आणि शब्दाबरोबर त्याचे देणेही आपल्या खाती जमा झाले आहे.

चर्चा निराधार राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांसमोर ठेवू. कन्नड हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले (पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातले) तालुक्याचे गाव. अशा गावात हात असलेल्या मुलाला चित्रकलेच्या वाटा मोजक्याच असत : दुकानाच्या पाट्या, गणपतीची आरास, फार तर शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी. चित्राला प्रेक्षक मिळायचा तर तो मुंबई-पुण्याच्या दालनातून मिळायचा, आणि दालनाचे दार कोणासाठी किती उघडे होते हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकीय माध्यमाने ही अडवणूक मोडली. आज तालुक्याच्या गावातला चित्रकार आपल्या आजीचे, कीर्तनकाराचे, फडावरच्या पहिलवानाचे, पोलीस भरतीत निवड झालेल्या मुलीचे चित्र काढतो आणि त्याच संध्याकाळी ते सर्वांपुढे ठेवतो. हे स्वातंत्र्य खरे आहे. त्याकडे पाहून नाके मुरडण्याचा अधिकार ज्यांना दालने सहज मिळाली त्यांना तर मुळीच नाही. प्रस्तुत लेखातला प्रश्न या स्वातंत्र्याविरुद्ध नाही. ते मान्य केल्यानंतरच तो सुरू होतो.

‘शेअर करणे’ याला मराठीत ‘वाटणे’ हा शब्द सहज योजला जातो. परंतु वाटण्यात वाटणी आहे. जमीन वाटली की प्रत्येकाच्या हिश्शाला कमी येते, प्रसाद वाटला की ताट रिकामे होते. संगणकीय चित्र वाटल्याने कमी होत नाही. मग ते दिल्याने वाढणाऱ्या विद्येच्या जातीचे मानावे काय? तेही अडचणीचे आहे. मी एक प्रमेय शिकवले तर प्रमेयाचे काही जात नाही, कारण प्रमेय कोणाचेच नसते. चेहरा मात्र कोणाचा तरी असतो. तो ज्याचा असतो त्यालाही तो पूर्णपणे आपला म्हणता येत नाही हे खरे. आपला चेहरा आपल्याला आरशात उलटा आणि इतरांच्या नजरेत तुकड्यातुकड्यांनी दिसतो. तरीही त्याच्या अपमानाने ज्याला अपमानित वाटते असा एकच माणूस असतो. जमीन आणि विद्या या दोन्हींहून वेगळी अशी तिसरी कोटी आपल्या व्यवहारात पूर्वापार आहे, ती ठेवीची. ठेव माझ्या घरात असते, मी ती सांभाळतो, पण ती माझी नसते. व्यक्तिचित्रातले सादृश्य हे या अर्थाने ठेव आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मूळ आणि प्रत यांच्या संबंधात काय बदलले ते आधी पाहिले पाहिजे. कन्नडपासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याचे उदाहरण घेऊ. १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल यांना तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमण्यात आले. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करून घेतल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. आपण या दोन घटनांबद्दल हळहळतो, पण अजिंठा जळाला असे म्हणत नाही. नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात हस्तसिद्ध कला आणि लेखनसिद्ध कला असा भेद केला तो येथे उपयोगी पडतो. चित्राची प्रत हे चित्र नव्हे; कवितेची प्रत मात्र कविताच असते. संगणकीय व्यक्तिचित्राने ही रेषा ओलांडली आहे. त्याची प्रत्येक प्रत तेवढीच मूळ. ते जाळता येत नाही, आणि म्हणून परतही घेता येत नाही. चित्रकला या एका बाबतीत कवितेच्या बाजूला येऊन बसली आहे, आणि वाङ्मयाला जी जबाबदारी छपाईपासून लागू होती ती आता चित्रकारालाही लागू होते. अर्थात छपाईने ही वाट अंशतः आधीच पाडली होती. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला छापखाना ज्या देवता घरोघर पोचवीत होता, त्यांचे चेहरे कोणा ना कोणा जिवंत स्त्रीचे होते. पूजा देवीची झाली. चेहरा कोणाचा, हे विचारण्याचे कारण भक्ताला पडले नाही.

आता कन्नड तालुक्यातच असलेल्या पितळखोऱ्याकडे वळू. सातमाळ्याच्या डोंगरात गौताळ्याच्या रानात ही बौद्ध लेणी आहेत. त्यांतली आरंभीची कामे इसवी सनापूर्वीची. म. न. देशपांडे यांनी तेथील संशोधनाचा वृत्तान्त १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील लेखांत दान देणाऱ्यांची नावे येतात : प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, गंधिकाच्या कुळातला मित्रदेव, संघकाचे पुत्र, राजवैद्य मगिल. देणाऱ्याने नाव कोरावे ही रीतच होती. परंतु येथे सापडलेल्या आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर वेगळाच लेख आहे. तो देणाऱ्याचा नाही, करणाऱ्याचा आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती केली, एवढेच तो सांगतो. डोक्यावर पात्र तोलणारा, ठेंगणा, हसरा असा तो यक्ष. धातूत काम करणाऱ्या माणसाने दगडात काम केले आणि आपले नाव यक्षाच्या हातावर लिहिले, चेहऱ्यावर नाही.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, त्यातून मोठा सिद्धान्त काढण्याचा मोह आवरूनही. आज चित्र पसरू लागले की ते चोरले जाईल या धास्तीने चित्रकार आपले नाव वॉटरमार्क म्हणून टाकतो, आणि ते कापून काढता येऊ नये म्हणून बरोबर चेहऱ्यावर, गालावरून कपाळापर्यंत तिरपे टाकतो. त्याची धास्ती खोटी नाही. श्रम त्याचे आहेत आणि चोरीही रोजची आहे. पण चित्रात काय घडते ते पाहावे. म्हाताऱ्या बाईच्या सुरकुत्यांवरून दुसऱ्याचे नाव जाते. आपला हक्क शाबीत करण्यासाठी त्याने ठेवीवरच शिक्का मारलेला असतो. कान्हदासापुढे हा पेच नव्हता, कारण यक्षाला तक्रार करणारे कोणी नातलग नव्हते. यक्षाचा चेहरा कान्हदासानेच घडवला. व्यक्तिचित्रकार चेहरा घडवत नाही, तो उचलतो.

नाव आणि चेहरा यांची फारकत झाली की काय होते याचे दाखले आपल्या परिसरात पुरेसे आहेत. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटच्या लेण्यात सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे भिंतीवर अजून वाचता येतात. खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नाव आहे, चेहरा नाही. उलट प्रकार शिवाजी महाराजांच्या चित्राबाबत घडला. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणीपर्यंत इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. या प्रकरणाची चर्चा आपण नेहमी महाराजांच्या बाजूने करतो आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यात आणखी एका माणसावर अन्याय झाला होता : ज्याचा चेहरा दुसऱ्याच्या नावाने आदराला पात्र ठरला, आणि स्वतःच्या नावाने कोणाच्या लक्षातही राहिला नाही. तिसरा दाखला पारोचा. अजिंठा गावातल्या तिच्या थडग्यावर तिचे नाव आणि १८५६ हे साल आहे. तिला रूप दिले ते ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या १९८४ च्या दीर्घकवितेने, आणि २०१२ च्या चित्रपटानंतर ते रूप एका अभिनेत्रीचे झाले. आता पारो म्हटले की पुष्कळांना तोच चेहरा दिसतो, आणि संगणकावर तिची चित्रे काढणारेही तोच चेहरा काढणार. येथे लबाडी कोणीच केलेली नाही. तरीही एका बाईच्या नावावर दुसरीचा चेहरा कायमचा बसत चालला आहे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना सादृश्यातली ही जोखीम अगदीच अज्ञात नव्हती. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त आरशातल्या प्रतिबिंबासारख्या हुबेहूब चित्राला ‘विद्ध’ ही संज्ञा आहे, शब्दशः, वेधलेले. मराठीत आपण अजूनही ‘वेध घेणे’ म्हणतो आणि त्यातला बाण विसरतो. चित्रकाराच्या नजरेने समोरच्याला वेधल्याशिवाय सादृश्य येत नाही, हे त्या संज्ञेने मान्य केले आहे. भासाच्या ‘प्रतिमानाटका’त तर प्रतिमेचा आघात बघणाऱ्यावर होतो. आजोळाहून परतणारा भरत वाटेतल्या प्रतिमागृहात पूर्वजांच्या प्रतिमा पाहतो, रक्षकाकडून कळते की येथे केवळ दिवंगतांच्याच प्रतिमा असतात, आणि त्या रांगेत दशरथ उभा असतो. पित्याच्या मृत्यूची वार्ता त्याला अशी, मांडणीतून कळते. हे वाचताना आजच्या माणसाला फार कष्टाने कल्पना करावी लागत नाही. सकाळी एखाद्याचे सुबक रेखाचित्र, खाली समई, मागे फिकट प्रकाश असे स्टेटसवर दिसले की मजकूर वाचण्याआधी छातीत धस्स होते. वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात म्हटले होते की यांत्रिक पुनरावृत्तीच्या काळात चित्राचे पूजामूल्य माघार घेत घेत शेवटी दूरच्या वा गेलेल्या प्रियजनांच्या चेहऱ्यात आसरा घेते. ते छायाचित्राच्या बाल्यावस्थेबद्दल बोलत होते. तालुक्याच्या गावातल्या श्रद्धांजलीच्या चित्राला हे विधान आजही लागू पडते.

कायदा या प्रश्नावर काय म्हणतो? १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. कलम ५७ चित्रकाराला त्याच्या कृतीची मोडतोड रोखण्याचा विशेष अधिकार देते. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाबाबत अमरनाथ सेहगल यांना २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारावर न्याय दिला. म्हणजे पैसे देणारा आणि हात चालवणारा, या दोघांना कायदा ओळखतो. ज्याचा चेहरा आहे त्याला तो या दोन कलमांत ओळखत नाही. अलीकडे व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा विचार पुढे आला आहे. २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, छबी आणि आवाज यांच्या अनधिकृत वापराला मनाई केली. परंतु ज्या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे त्यालाच हे संरक्षण प्रत्यक्षात परवडते. नातवाने टिपलेल्या छायाचित्रावरून जिचे चित्र गावातल्या मुलाने काढले आणि जिल्हाभर ज्याचे कौतुक झाले, त्या आजीच्या हाती बहुतेक वेळा मोबाइल नसतो. तिचा चेहरा तिच्याखेरीज सर्वांनी पाहिलेला असतो. या स्थितीत कायद्याचा भंग कोठेच नाही. तरीही काही तरी चुकते आहे असे वाटते. ते काय, हे सांगणे नीतिविचाराचे काम आहे.

एमान्युएल लेव्हिनास यांनी १९६१ च्या आपल्या मुख्य ग्रंथात चेहरा हा पाहण्याचा विषय नाही, तो आपल्याला साद घालणारा परकेपणा आहे, अशी भूमिका घेतली. आणि त्याआधीच, १९४८ च्या एका निबंधात, कलेतल्या प्रतिमेविषयी साशंकता व्यक्त केली होती. प्रतिमा चेहऱ्याला गोठवते, त्याची उत्तर देण्याची शक्ती काढून घेते. ही भूमिका टोकाची आहे. ती तशीच स्वीकारली तर व्यक्तिचित्र काढूच नये असे म्हणावे लागेल, आणि एवढ्या स्वस्तात तत्त्वज्ञानाला शरण जाण्याचे कारण नाही. परंतु तीतला एक धागा घेण्याजोगा आहे : चेहऱ्याला उत्तर देता येते, चित्राला देता येत नाही. म्हणून चित्रकाराने त्या उत्तराला जागा ठेवली पाहिजे.

जागा ठेवणे म्हणजे परवानगी घेणे, असा सोपा अर्थ येथे लगेच लावला जाईल. तो अपुरा आहे. परवानगीची अट सर्वत्र लावली तर व्यंगचित्र त्याच दिवशी संपेल, कारण कोणता सत्ताधीश आपल्या नाकाची लांबी वाढवायला संमती देईल? सत्तेने आपला चेहरा स्वतःच नाण्यांवर, फलकांवर, चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर मांडलेला असतो. तो ठेव म्हणून कोणाकडे दिलेला नसतो, लादलेला असतो. ठेवीचा विचार दुर्बळाच्या चेह‍ऱ्याला लागू होतो, बळवंताच्या चेहऱ्याला त्याच रीतीने होत नाही. हा भेद न करणारी कोणतीही सभ्यतेची नियमावली अखेर बळवंतांच्याच उपयोगी पडते.

आणि दुर्बळाच्या बाबतीतही संमती हा अखेरचा शब्द नव्हे. येथे वाङ्मयाचा अनुभव मार्गदर्शक आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये ग्रंथरूपाने आली. माडगूळकर स्वतः चित्रे काढीत, आणि त्यांच्या गद्यातली रेषाही चित्रकाराची आहे : थोडकी, वळणावर नेमकी थांबणारी. त्या पुस्तकातल्या माणसांपैकी कितीजणांना ते वाचता आले असते? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. या आत्मकथनांत आई-बाप, भावकी, वस्ती यांचे चेहरे आहेत, आणि ते उजेडात आणणे हे अन्यायाविरुद्धचे साक्ष देणे आहे. प्रत्येक नातलगाची संमती मागत बसले असते तर साक्ष झालीच नसती. तरी ‘बलुतं’मध्ये पवारांनी लिहिणारा दया आणि जगलेला दगडू यांना समोरासमोर बसवले, यामागे मला हीच जाणीव दिसते : सांगणाऱ्याने सांगितल्या जाणाऱ्याला निदान आपल्या पुस्तकात तरी तोंड दिले पाहिजे. ठेव कधी कधी ठेवणाऱ्याच्याच हितासाठी खर्चावी लागते. पण खर्च करणाऱ्याने ती ठेव होती हे विसरता कामा नये, आणि मराठी व्यक्तिचित्रांच्या नंतरच्या पिकात हे विसरणेच अधिक आढळते. विक्षिप्त शेजारी, भोळा गडी, तिरसट मास्तर अशा नमुन्यांची जी चळत दिवाळी अंकांतून उभी राहिली, तीत माणसे हसण्यापुरती उचललेली आहेत.

संमतीहून निराळी आणि माझ्या मते अधिक मूलभूत अशी गोष्ट म्हणजे पाहण्याचा क्रम. ज्याचे चित्र त्याने ते आधी पाहावे. जुन्या पद्धतीत हे आपोआप घडत असे. माणूस चित्रकारासमोर बसलेला असे, मधूनच उठून मागे येऊन कॅनव्हासकडे पाहत असे, आणि ‘हे माझे नाक नव्हे’ असे म्हणण्याची त्याला संधी होती. चित्रकाराला ती कटकट वाटे. प्रत्यक्षात ते चेहऱ्याचे उत्तर होते. टॅबवरचे काम छायाचित्रावरून, लेयरवर लेयर चढवीत, चित्रित व्यक्तीच्या अनुपस्थितीत होते. चुकलेली रेषा मागे घेण्याची सोय चित्रकाराला आहे. तिच्यावर आक्षेप घेण्याची सोय चित्रित व्यक्तीला नाही. आणि पहिली दाद अनोळखी माणसांची येते. ‘हुबेहूब’ असे ते लिहितात, ज्यांनी मूळ व्यक्तीला कधी पाहिलेले नसते. सादृश्याची साक्ष देण्याचा अधिकार ज्यांना आहे ते दोन-चार लोक या घोळक्यात शेवटी येतात किंवा येतच नाहीत. चित्रकाराने मोबाइल घेऊन त्या आजीच्या ओसरीवर जावे, पडद्याचा उजेड वाढवून तो तिच्यापुढे धरावा, आणि ती काय म्हणते ते ऐकावे. ती बहुधा म्हणेल की मी एवढी म्हातारी दिसते का. चित्र बदलायचे की नाही हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो चित्रकाराचाच आहे. परंतु हे ऐकलेले असणे आणि नसणे यांत चित्राच्या नैतिक दर्जाचा फरक आहे, जरी पडद्यावरचा एकही ठिपका बदलला नाही तरी.

यावर असे म्हटले जाईल की चित्राचे मूल्य चित्रातच शोधावे, त्याच्या बाहेरच्या व्यवहारात नाही. कृतीच्या स्वायत्ततेचा हा आग्रह आपल्या समीक्षेने बराच काळ निष्ठेने सांभाळला, आणि कवितेच्या संदर्भात त्याने पुष्कळ गोंधळ दूर केला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण व्यक्तिचित्र हा प्रकारच मुळात बाहेर बोट दाखवणारा आहे. खाली नाव लिहिले की ते स्वायत्त राहत नाही. जो सादृश्याची दाद घेतो त्याला स्वायत्ततेचा बचाव घेता येत नाही. दोहोंपैकी एक काही तरी सोडावे लागते.

मृतांच्या बाबतीत हा क्रम पाळता येत नाही, ही या विचाराची मर्यादा आहे. तेथे घरातली माणसे पहिली पाहणारी ठरतात, आणि ती मृताच्या वतीने कितपत बोलू शकतात हा वेगळा वाद आहे. दुसरी मर्यादा यंत्राने आणली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीच्या साहाय्याने जपानच्या जिबली चित्रसंस्थेच्या शैलीत आपली आणि आपल्या कुटुंबाची चित्रे करून घेण्याची लाट आली, आणि ती आपल्या खेड्यापाड्यांतही पोचली. येथे चेहरा देणारा, चित्र पहिल्यांदा पाहणारा आणि ते वाटणारा एकच आहे. क्रमाचा भंग झालेला नाही. मग आक्षेप कोठे घ्यायचा? शैली ज्यांची होती त्यांचा प्रश्न आहेच, तो कलम ५७ च्या दिशेने जातो. पण चेहऱ्याच्या बाजूने पाहिले तर येथे वेध घेणारेच कोणी नाही. त्या चित्रात सगळे चेहरे गोड आणि सारखे दिसतात, कारण त्यांतल्या कोणाकडेही कोणी पाहिलेले नाही. तालुक्याच्या गावातल्या त्या मुलाने आजीचा खालचा ओठ काढताना तीन वेळा खोडला, तो चौथ्यांदाही जमला नाही, आणि तसाच ठेवून त्याने चित्र पुढे पाठवले. त्या न जमलेल्या ओठाबद्दल आजी त्याला जाब विचारू शकते. यंत्राला ती काय विचारणार?